पानावरचा आडवा हात

१९६० नंतर सांगलीत ज्यांची ज्यांची लग्नं झाली, त्यांतल्या निम्म्या लोकांच्या पोटदुखीला आमचे हे जबाबदार आहेत. गावभागात चिंतामणराव म्हणून कुणालाही विचारा. कुपवाडला ह्यांचं पंपाचे सुटे भाग करायचं छोटंसं वर्कशॉप होतं, आता ते आमचा मुलगा सुमंत बघतो. पण वर्कशॉपवाले म्हणून ह्यांना गावात कुणी ओळखतच नाही. ओळखतात ते पंगतीत आग्रह करणारे म्हणून. मुंज असो, लग्न असो, कुणाची एकसष्टी असो, आमचे हे खांद्यावर पंचा टाकून आणि हातात जिलब्यांचं ताट घेऊन उभे. आमंत्रण नसलं तरी चालत असे. यजमानच सकाळी येऊन म्हणायचे, "चिंतूकाका, तुम्ही नसलात तर पंगतीला रंग कसा चढायचा?" की निघाले हे, घरातलं काम तसंच टाकून.

आता आग्रह सगळेच करतात. पण तुम्ही पानावर हात आडवा धरून "पुरे, अगदी पुरे" म्हणालात की बाकीचे वाढपी पुढे सरकतात. हे सरकत नसत. गोड हसत वाकायचे, दोन बोटांनी तुमचं मनगट धरून हात अलगद बाजूला करायचे, आणि तुम्ही काही बोलायच्या आत जिलबी पानात पडलेली असायची. वर म्हणायचे, "एवढी माझ्याखातर." ह्यांच्याखातर लोकांनी काय काय सोसलंय ते माझं मला माहीत. मी किती वेळा सांगितलं, "अहो, समोरचा नको म्हणतोय तर ऐकावं माणसानं." त्यावर ह्यांचं उत्तर ठरलेलं. "नको म्हणायची रीत असते, आणि वाढायचीही."

अशा माणसाला नेमका पोटाचा रोग व्हावा! पंचाण्णवच्या उन्हाळ्यात ह्यांचं जेवण घटलं. चार घासांत पोट भरल्यासारखं व्हायचं. हे म्हणायचे ॲसिडिटी आहे, आणि पांढरं औषध बाटलीनं प्यायचे. शेजारच्या एका लग्नात ह्यांनी स्वतःच्या पानातली जिलबी तशीच टाकली. पस्तीस वर्षांच्या संसारात ह्यांना पानात काही टाकताना मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी ह्यांना रिक्षात घालून मिरजेला नेलं. हे वाटेभर कुरकुरत होते, मी लक्ष दिलं नाही.

तिथला सर्जन आमच्याच गल्लीतला, पुष्कर. आता मोठा डॉक्टर झालाय, पण मी त्याला लंगोटात पाहिलंय, त्यामुळे माझ्या तोंडी अरे-तुरेच येतं. पुष्करच्या मुंजीत ह्यांनी त्या आठ वर्षांच्या बटूला इतकं श्रीखंड खाऊ घातलं होतं की मातृभोजन संपायच्या आत पोरगं मागच्या मोरीवर ओकत बसलं. दुर्बीण घालून तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला, आणि आठवड्यानं पुष्करनं आम्हा दोघांना समोर बसवलं. म्हणाला, "काका, जठरात गाठ आहे. कॅन्सरची आहे. ऑपरेशन करावं लागेल."

मी मनातल्या मनात देवाला नवस बोलायला लागले. हे मात्र त्याच्याकडे टक लावून बघत होते. मग म्हणाले, "पुष्कर, श्रीखंडाचा सूड म्हणून नाही ना रे कापत?"

पुष्कर आधी दचकला आणि मग इतका हसला की बाहेरची नर्स आत डोकावली. म्हणाला, "काका, त्या दिवसापासून आजतागायत मी श्रीखंड खाल्लेलं नाही. पण ऑपरेशन नीटच करीन."

नीटच केलं त्यानं. जठराचा खालचा मोठा भाग काढला आणि उरलेला आतड्याला जोडला. शेजारच्या खाटेवर त्याच दुखण्याचा आणखी एक पेशंट होता, जत तालुक्यातला बिराप्पा. मेंढ्यांचा कळप बाळगून होता आणि थोडी कोरडवाहू ज्वारी पिकवायचा. त्याचंही ऑपरेशन त्याच आठवड्यात, पुष्करनंच केलेलं. त्याची बायको हरणाबाई दोन खाटांच्या मध्ये भिंतीला टेकून बसलेली असायची, आणि बिराप्पा कण्हला की त्याला दटावायची, "गप पडा की वो. तितं काका बी हायती, त्ये कवा वरडत्यात का?" त्यामुळे आमच्या ह्यांना कण्हायची सोयच उरली नाही. दोघं पुरुष एकमेकांना लाजून बरे झाले असं माझं मत आहे.

घरी सोडताना रिपोर्ट आले होते. गाठ जठराच्या भिंतीतच होती, आजूबाजूच्या ग्रंथी स्वच्छ होत्या. दोघांच्याही. पुष्कर म्हणाला, "काका, आता जठर लहान झालंय. एका वेळी पोटभर जेवायचं नाही, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं. गोड तर अगदी बेतानं, नाही तर घाम फुटेल, धडधडेल." ह्यांनी मान डोलावली. मग मी पुष्करला व्हरांड्यात गाठलं आणि विचारलं, "आता खरं सांग. परत येईल का?"

"माहीत नाही, मावशी."

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे खरंच माहीत नाही. काका आणि तो बिराप्पा, दोघांचं वय सारखं, गाठ सारखी, मायक्रोस्कोपखाली पेशीसुद्धा सारख्याच दिसतात. तरी एकाची परत येईल आणि दुसऱ्याची कधीच येणार नाही, असं होऊ शकतं. पेशीच्या आत काहीतरी ठरत असतं. ते आम्हाला दिसत नाही. पाच वर्षं नीट गेली की मी पेढे मागायला येईन."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "एवढी वर्षं शिकून माहीत नाही म्हणायला लाज नाही वाटत?"

"वाटते," पुष्कर म्हणाला, "म्हणून तर व्हरांड्यात सांगतोय."

त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. पण मला कुणावर तरी रागवायचंच होतं, म्हणून मी दिवाळीला माझ्या भाचीवर रागावले. भार्गवी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, साताऱ्याची. पुण्याला जीवशास्त्रात संशोधन करत होती. फराळाला आली तेव्हा मी तिला स्वयंपाकघरातच धरलं. "तुम्ही लोक तिकडे प्रयोगशाळेत बसून करता तरी काय? पेशीच्या आत काय ठरतं एवढंसुद्धा तुम्हाला सांगता येऊ नये?"

भार्गवी चकली खात पाटावर बसली. हेही दारात खुर्ची ओढून बसले होते, पुढ्यात अर्धी करंजी घेऊन. ती म्हणाली, "मावशी, एक गंमत सांगते. दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत एक शोध लागलाय. मातीत एक जंत असतो, टाचणीच्या डोक्याएवढा लांब."

"बघ, पोटाचं विचारलं तर ही जंतावर गेली," हे म्हणाले.

"ऐका तर काका. पेशीत एक कोठीघर असतं असं समजा. काय बनवायचं ते सगळं तिथं ठरलेलं असतं. कोठीतून निरोप्या बाहेर येतो, त्याला आरएनए म्हणतात. तो जसा निरोप आणेल तसा पदार्थ बाहेर तयार होतो. आजवर सगळ्यांना वाटायचं, निरोप्या निघाला की पदार्थ होणारच. पण त्या जंतात एक अगदी चिमुकला आरएनए सापडलाय. तो स्वतः काहीच बनवत नाही. तो फक्त जाऊन त्या मोठ्या निरोप्याला चिकटतो आणि त्याला थांबवतो. ज्या जंतात हा चिमुकला नसतो, त्याच्या पेशींना थांबायचं कळतच नाही. लहानपणीचंच वाढणं त्या पुन्हा पुन्हा करत बसतात."

ह्यांची करंजी हातातच राहिली. "म्हणजे वाढपी," हे म्हणाले, "आणि पानावरचा आडवा हात."

भार्गवी आनंदानं ओरडलीच. "काका! अगदी बरोबर! आडवा हात! आमच्या सरांनासुद्धा इतकं सोपं नाही सांगता आलं."

"आणि हात नसला, किंवा वाढप्यानं तो जुमानलाच नाही, की पेशी वाढतच जाते."

"जंतात. माणसात असं काही असतं का, ते अजून कुणाला ठाऊक नाही. कॅन्सरशी तर त्याचा संबंध कुणी जोडलेलाच नाही. आणि काका, ह्याची दुसरी बाजू तर आणखी मजेची आहे..."

पण हे उठले होते. "कळलं मला," म्हणाले, आणि बाहेर झोपाळ्यावर जाऊन बसले. भार्गवीनं दुसरी बाजू मला सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात माझं तेल धुरावलं आणि मी शेवेच्या घाण्याकडे वळले. ऐकणाऱ्या दोघांचंही चुकलंच म्हणायचं.

त्या दिवाळीनंतर ह्यांचं खाणं आणखी कमी झालं. सकाळी एक पोळी वाढली की दुसरीला हात आडवा. भाताचा पहिला डाव पडला की हात आडवा. अकराला मी वाटीत खीर घेऊन जायची तर, "नको गं, पुरे." मला वाटलं, जठरच एवढंसं राहिलंय बिचाऱ्यांचं, मावत नसेल. मी जबरदस्ती केली नाही. तसं म्हटलं तर मला आग्रह येतही नाही, घरात ते खातं ह्यांचंच होतं. हे आनंदात असायचे, गप्पा मारायचे, फक्त सदरे दिवसेंदिवस ढगळ होत चालले होते. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. जानेवारीत शेजारी मुंज झाली, तिथं हे गेले, बसले, आणि कुणालाही एका शब्दानं आग्रह केला नाही. लोक चकित झाले. मला वाटलं अशक्तपणा असेल.

मार्चमध्ये तपासणीला गेलो. काट्यावर ह्यांचं वजन बघून पुष्करचा चेहरा उतरला. त्यानं लगेच दुर्बिणीची तयारी करायला सांगितली, आणि मला जे समजायचं ते समजलं. परत आलं. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि खरंच सांगते, मला देवाचं नावसुद्धा आठवेना. सारखं एकच डोक्यात येत होतं, की ह्या माणसाशिवाय त्या घरात मी भांडायचं कुणाशी.

तेवढ्यात शेजारी धपकन कुणीतरी बसलं. हरणाबाई! आणि मागं बिराप्पा, गाल वर आलेले, डोक्याला लाल पटका, ओळखू येईना.

"काका कुटं हायती?" त्यानं विचारलं.

"आत. दुर्बीण घालतायत. वजन फार उतरलंय."

"आँ! माजं तर वाढलं," बिराप्पा जरा ओशाळून म्हणाला. "मला डागतर म्हनलं सा येळा खा. आता मेंढरामागं हिंडताना घड्याळ कोन बगतंय? खिशात भाकरीचा तुकडा असतोय, जरा चाललं की टाकायचा तोंडात. दिसभर चरतोय बगा. बायकू म्हनती, तुमी मेंढरातच धरल्यागत."

हरणाबाई हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. "आवं बाई, काकांचं ऱ्हाऊ द्या. तुमीबी लय वाळलाय की. जेवताय का न्हाई?"

ह्या प्रश्नानं माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कुणी विचारलंच नव्हतं मला. आमच्या पद्धतीप्रमाणे मी ह्यांच्यामागून जेवायची, आणि ह्यांचं ते अर्ध्या पोळीवर उठलेलं ताट उचलून ठेवल्यावर माझा घास घशाखाली उतरत नसे. सकाळची पोळी संध्याकाळी मी गाईला घालायची. मी नुसती नकारार्थी मान हलवली. हरणाबाईनं कमरेच्या पिशवीतून गूळशेंगदाणे काढून माझ्या हातात कोंबले आणि मी खाईपर्यंत समोरून हलली नाही.

पुष्कर बाहेर आला तो डोकं खाजवत. "मावशी, पोट स्वच्छ आहे. आत काहीही नाही. मग वजन गेलं कुठं?"

जिवात जीव आला, आणि तो आल्याबरोबर रागही आला. आम्ही दोघं आत गेलो. हे शर्टाची बटणं लावत होते. पुष्करनं विचारलं, "काका, दिवसातून किती वेळा खाता?"

"दोनदा. थोडंसंच."

"सहा वेळा सांगितलं होतं ना?"

ह्यांनी आमच्या दोघांकडे बघितलं आणि शांतपणे सांगून टाकलं. म्हणाले, "पुष्कर, मी नियम केलाय. जन्मभर मी लोकांचे आडवे हात बाजूला सारले. कुणाचं पुरे म्हणणं ऐकलं नाही. माझ्या पेशींनी ते माझ्याकडूनच उचललं. भार्गवीनं सांगितलं तेव्हा मला लख्ख कळलं. म्हणून दिवाळीपासून कानाला खडा. कुणाला आग्रह करायचा नाही, आणि स्वतःच्या पानावरचा हात काढायचा नाही. पेशींना सवय लागेल हळूहळू. बघ, नाही ना आलं परत?"

पुष्करचं तोंड उघडं राहिलं. माझंही. लेथवर केसाएवढा फरक ओळखणारा माणूस, आणि एका जंताच्या गोष्टीवरून ह्यांनी स्वतःला उपाशी मारायला घेतलं होतं! पुष्करनं समजावलं, चिडला, कागदावर चित्र काढून दाखवलं. हे गोड हसत ऐकत होते. जिलबीचं ताट हातात असतानाचं तेच हसू. मी निघताना पुष्कर मला हळूच म्हणाला, "मावशी, कॅन्सरनं काही केलेलं नाही. पण हे असंच चाललं तर तीन-चार महिन्यांत अशक्तपणानंच काहीतरी होईल. कसंही करून ह्यांना खायला घाला."

मी सगळं करून पाहिलं. रागावले, अबोला धरला, सुमंतला सांगून पाहिलं, ह्यांच्या आवडीची वांग्याची भाजी केली. हात आडवाच. भार्गवीला फोन केला तर ती रडकुंडीला आली. "अगं मावशी, मी असं म्हटलंच नव्हतं! मी भेटल्यावर सांगते त्यांना, फोनवर ते ऐकायचे नाहीत." भेट ठरलेलीच होती. मे महिन्यात साताऱ्याला तिचं लग्न होतं.

त्या वेळी सगळीकडे ताटल्या घेऊन उभ्यानं जेवायचं खूळ निघालं होतं. माझ्या बहिणीनंही तेच ठरवलं होतं. भार्गवीनं आईशी भांडून पंगत करायला लावली. "काकांना उभं राहून जेवायला लावणार नाही," म्हणाली. कार्यालयात केळीची पानं मांडली, रांगोळ्या घातल्या, उदबत्त्या लावल्या. आम्हा दोघांना शेजारी शेजारी बसवलं. ह्यांचा सदरा खुंटीला अडकवल्यासारखा खांद्यांवर लोंबत होता. ह्यांच्या पानावर मीठ-लिंबू, चटणी, कोशिंबीर पडली आणि वरणभाताची एवढीशी मूद पडली, लगेच ह्यांचा डावा हात पानावर आडवा झाला.

आणि मग जे व्हायचं ते झालं. सांगलीहून आलेली निम्मी मंडळी ह्यांच्या आग्रहाखाली चिरडलेली होती. ती सगळी ह्याच दिवसाची वाट बघत असावीत. एकजण जिलब्यांचं ताट घेऊन आला, "चिंतूकाका, माझ्या लग्नात अकरा घातल्या होत्यात, आज माझी पाळी!" दुसरा मठ्ठ्याचा तांब्या घेऊन वाकला. तिसऱ्यानं तर कमरेला पंचाच बांधला होता. हे सगळ्यांकडे बघून हसत होते, मान हलवत होते, "पुरे, बाळांनो, पुरे." आणि तो हात काही हलला नाही. थोड्या वेळानं मंडळींचा उत्साह ओसरला. ह्यांच्या मनगटाकडे त्यांचं लक्ष गेलं असावं. एकेकजण गप्प होऊन पुढे सरकला.

तो गप्पपणा मला सहन झाला नाही. मी काही ठरवून केलेलं नाही, लोक आता मला उगाच हुशारी चिकटवतात. मला नुसता संताप आला होता. वाढपी माझ्यापुढं आला, "मावशी, मसालेभात?" मी माझा हात पानावर आडवा धरला. "पुरे."

तो गोंधळला. माझ्या पानावर अजून काहीच नव्हतं, ह्यांच्याकडे बघण्याच्या नादात वरणभातसुद्धा मी पुढे जाऊ दिला होता. तो पुढे गेला. मागून अळूची भाजी आली. "पुरे." जिलबी आली. "पुरे."

ह्यांनी माझ्या पानाकडे बघितलं. "काय गं? काय झालं?"

"काही नाही. पुरे झालं."

"अगं, पान कोरं आहे तुझं."

"तुमचं पुरे झालं की माझंही झालं. दिवाळीपासून असंच चाललंय, तुमचं लक्ष नव्हतं एवढंच." मी माझ्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारून दाखवल्या. आधी त्या मनगटाच्या वर जात नसत.

हे त्या बांगड्यांकडे बघत राहिले. ह्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. जन्मभर ज्यानं कुणाला रिकाम्या पानावरून उठू दिलं नाही, त्याच्याच शेजारी घरचं माणूस कोऱ्या पानावर बसलं होतं. समोरून भार्गवी येत होती. हळदीची साडी नेसलेली, मुंडावळ्या मागं टाकलेल्या, हातात मसालेभाताचं पातेलं. नवरीनं एक पंगत वाढायची असते म्हणून तिनं ते वाढप्याकडून ओढून घेतलं होतं. ती माझ्यापुढं थांबली. माझा हात आडवाच.

"हात काढ," हे म्हणाले.

"नाही."

"विनोदिनी, हात काढ. लग्नाच्या पंगतीत कोऱ्या पानावरून कुणी उठतं का?"

"तुम्ही नियम केलाय ना, आग्रह करायचा नाही म्हणून?"

"खड्ड्यात गेला नियम!" हे इतक्या मोठ्यानं म्हणाले की समोरची ओळ जेवायची थांबली. आणि ह्यांनी दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं आणि बाजूला सारलं. दोन्ही हातांनी. स्वतःच्या पानावरचा आडवा हात उचलल्याशिवाय ते करता येण्यासारखंच नव्हतं. भार्गवी माझी भाची आहे. तिनं डाव बुडवला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत एक मूद माझ्या पानावर आणि एक मूद ह्यांच्या पानावर.

ह्यांनी खाली बघितलं. वाफा येत होत्या. "अगं, हे काय..." हे म्हणाले.

"काका, आता दुसरी बाजू ऐका," भार्गवी पातेलं घेऊन तिथंच उकिडवी बसली, साडीची पर्वा न करता. "दिवाळीत तुम्ही उठून गेलात. त्या जंतात तो आडवा हात वेळ झाली की येतो, आणि एकाच निरोप्यापुरता येतो. तो निरोप्या जर पहिल्यापासूनच बंद केला, तर जंताचं बालपणच गळतं, आणि तो धड वाढत नाही. हात कायमचा आडवा धरणं हेसुद्धा बिघडणंच आहे, काका. आणि तुमच्या जिलब्यांचा नि कॅन्सरचा काही संबंध नाही. तुम्ही ज्यांना ज्यांना खाऊ घातलंत ती सगळी धडधाकट समोर बसलीयत."

"एवढं सगळं आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ऐकायला थांबलात कुठे?"

पंगतीत कुणीतरी मोठ्यानं हसलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी अजून पानाला हात लावला नव्हता. "तुम्ही एक घास, मी एक घास," मी म्हटलं. "नाही तर मी उठते." हे माझ्या डोळ्यांत बघून समजले की मी खरंच उठेन. मग ह्यांनी एक घास घेतला, मी एक घेतला. पस्तीस वर्षांत आम्ही पहिल्यांदा बरोबर जेवत होतो. चार घास झाल्यावर हे म्हणाले, "आता मात्र खरंच पोट भरलं गं." मी म्हटलं, "बरं. उरलेलं तासाभरानं." आणि ती अर्धी मूद मी पानाच्या तुकड्यात बांधून पिशवीत टाकली.

तेव्हापासून आमच्याकडे दिवसातून सहा छोट्या पंगती बसतात. सकाळी पोहे, अकराला खीर, दुपारी पोळीभाजी, चारला लाडूचा तुकडा, मग भात, मग दूध. प्रत्येक वेळी दोघांनी बरोबर बसायचं ही माझी अट. जतला बिराप्पाकडे हुरडा खायला गेलो तेव्हा हरणाबाईनं मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "आता हायसा तुमी." ह्यांचं वजन हळूहळू भरत आलं. माझं इतकं वाढलं की पुष्कर परवा मलाच म्हणाला, "मावशी, सहा वेळा खायचं ते काकांना सांगितलं होतं." लग्नकार्यात हे परत ताट घेऊन उभे राहतात. फक्त आता कुणी हात आडवा धरला की हे थांबतात आणि नीट विचारतात, "खरंच पुरे?" खरं असलं की पुढे जातात.

ऑपरेशनला आता चार वर्षं होऊन गेली. पुढच्या पावसाळ्यात पाच होतील. दर तपासणीला मी पुष्करला विचारते, परत येईल का, आणि तो अजूनही माहीत नाही म्हणतो. भार्गवी म्हणते, "तो चिमुकला आरएनए माणसातही सापडेल असं मला वाटतं, मावशी, आणि एक दिवस तोच बघून डॉक्टर सांगू शकतील, कुणाची गाठ परत येणार आणि कुणाची नाही." सापडला की कळव म्हणून मी तिला सांगून ठेवलंय. आम्ही दोघं आहोत इथंच.

काल चारच्या लाडवाला ह्यांनी स्वतःच्या वाट्यातला अर्धा तुकडा माझ्या ताटलीत टाकायला हात पुढे केला. मी सवयीनं हात आडवा धरला. हे थांबले, तुकडा तसाच हातात धरून, आणि विचारलं, "खरंच पुरे झालं?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. पांढरे केस, पोटावरचा तो लांब व्रण झाकणारा सदरा, आता बऱ्यापैकी अंगाबरोबर बसलेला. मी हात काढून घेतला. खरं सांगायचं तर ह्या माणसाबरोबर माझं अजून पुरे झालेलं नाही.